माळा झाडायच्या आधी

दिवाळीच्या आधी माळा झाडायला काढाल, तेव्हा पोतं बांधायची घाई करू नका. मागच्या वर्षी ती मी केली.

सासूबाईंच्या वेळचे तीन जर्मनचे गंज, बूड गेलेला कुकर, खिडकीच्या काढलेल्या पट्ट्या, नातवाच्या वाढदिवसाला आणलेल्या कोल्ड्रिंकच्या रिकाम्या डब्यांची पिशवी, तेलाचे दोन चेपलेले टीन, असं सगळं एका पोत्यात कोंबलं आणि दारात आलेल्या कबाड्याला म्हटलं, "भाऊ, सगळं मिळून काय देता ते द्या, अन् लवकर न्या." त्याने पोतं काट्याला लावलं, लोखंडाच्या भावाने हिशेब केला, पैसे माझ्या हातावर ठेवले आणि गेला. संध्याकाळी धाकट्या जावेच्या कानावर गेलं. तिने कपाळाला हात लावला. "काहून वो ताई, त्यातलं अर्धं तं जर्मन होतं!"

कबाड्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. 'सगळं मिळून' हे शब्द माझेच होते. तोट्यापेक्षा वाईट याचं वाटलं, की माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं, आणि दोन्ही घरांत मोडीचा हिशेब बायकांकडेच होता. आईला पितळेच्या तांब्याची मोड किती ग्रॅम भरेल ते हातात धरून सांगता यायचं. जुनं भांडं दुकानात न्यायचं, मोडीच्या भावाने घालायचं, वर थोडे पैसे टाकून नवं आणायचं. भांडं फुटलं तरी धातू कुठे जात नाही, हे तिला शाळेत न जाता ठाऊक होतं. मी शाळेत गेले आणि ते विसरले.

त्यानंतर मात्र मी या विषयाचा पिच्छा पुरवला. जे कळलं ते माझ्यासारख्याच घरांसाठी लिहिते आहे.

आधी जर्मन. ॲल्युमिनियमला आपण जर्मन म्हणतो, ते बहुधा जर्मन सिल्व्हर या नावावरून आलं. खऱ्या जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नावालाही नसते आणि ॲल्युमिनियमही नसतं. पण पांढरं चकचकीत, हलकं भांडं म्हणजे जर्मन, हे एकदा जिभेवर बसलं ते बसलं. हा धातू जमिनीत अफाट आहे, पण ऑक्सिजनला असा घट्ट धरून बसतो की १८२५ पर्यंत कोणाला तो सुटा पाहायलाच मिळाला नाही. डेन्मार्कच्या ओर्स्टेडने त्या वर्षी तो पहिल्यांदा वेगळा केला. पुढची साठ वर्षं तो एवढा महाग होता की फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन खास पाहुण्यांना ॲल्युमिनियमचे काटे-चमचे देत असे, असं सांगतात. मग १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी, एकमेकांना न ओळखता, विजेने हा धातू काढायची एकच रीत शोधली. दोघंही त्या वेळी जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे. दोघांचा जन्म १८६३ चा आणि दोघं गेलेही १९१४ मध्येच. त्यांच्या रीतीने भाव असा कोसळला की बादशहाचा चमचा बारा-पंधरा वर्षांत मद्रासच्या बाजारात गंज होऊन आला. तिथे आल्फ्रेड चॅटर्टन नावाच्या इंग्रज शिक्षकाने १८९८ च्या सुमारास ॲल्युमिनियमची भांडी करायचं काम सुरू केलं. पुढे ती देशभर पसरली, आपल्या चुलीपर्यंत आली.

हॉल आणि एरूची रीत आजही तीच आहे आणि तिचा खर्चही तोच आहे, तो म्हणजे वीज. चार-पाच टन बॉक्साइटच्या मातीतून दोन टन पांढरी अल्युमिना निघते आणि दोन टन अल्युमिनातून एक टन धातू. बॉक्साइट लांब कुठे शोधायला नको. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीला त्याच्या खाणी आहेत आणि बेळगावला त्याची अल्युमिना करणारा कारखाना आहे. डोंगराचा माथा खरवडायचा, लाल चिखलाचे ढीग साठवायचे, आणि एवढं करूनही शेवटच्या टप्प्यात किलोमागे साधारण १४ युनिट वीज जाळायची. उलट जुनं भांडं किंवा डबा वितळवला, तर नव्या धातूला लागते त्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा पुरते. मी कागदावर मांडून पाहिलं. किलोभर ॲल्युमिनियम मातीत न जाता पुन्हा भट्टीत गेलं, तर वाचलेल्या ऊर्जेत ७५ वॅटचा पंखा सात दिवस आणि सात रात्री फिरेल. अकोल्याच्या मे महिन्यात पंखा म्हणजे काय, ते मी अकोलेकरांना सांगायची गरज नाही.

आता टीन. इकडे आपण छपरालाही टीन म्हणतो आणि तेलाच्या डब्यालाही टीनच, म्हणून घोळ होतो. तेलाचा पंधरा किलोचा डबा कथिलाचा नसतो. तो लोखंडाच्या पातळ पत्र्याचा असतो आणि त्याला कथिलाचा अगदी पुसटसा, हजारांश मिलिमीटरहूनही पातळ लेप असतो. म्हणजे पितळेच्या पातेल्याला नवसागर लावून कल्हईवाला जे करायचा, तेच कारखान्यात पत्र्याला केलेलं. जमशेदपूरला गोलमुरीत १९२० साली याच पत्र्यासाठी टिनप्लेट कंपनी निघाली. कल्हई गेली की पितळेत ताक फाटायचं. डब्याचा लेप ओरखडला की लोखंड गंजतं. गोष्ट एकच आहे.

या डब्याचा इतिहास गमतीचा आहे. फ्रान्समध्ये निकोला अपेर नावाच्या हलवायाने अन्न बाटलीत बंद करून उकळलं की टिकतं, हे शोधलं आणि १८१० मध्ये सरकारकडून बारा हजार फ्रँकचं इनाम घेतलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांडने बाटलीच्या जागी टिनाच्या डब्याचं पेटंट काढलं आणि दोन-तीन वर्षांत लंडनच्या कारखान्यातून डबे आरमाराकडे जाऊ लागले. डबा उघडायचा कसा? छिन्नी आणि हातोडीने. डबा उघडायचं हत्यार १८५५ च्या सुमारास आलं. तब्बल चाळीस-पंचेचाळीस वर्षं लोक जेवायला बसताना हातोडी घेऊन बसत होते. आपल्याकडे लग्नात मांडव आधी घालतात आणि नवरदेव नंतर शोधतात असं होत नाही, पण शोधांच्या दुनियेत होतं.

आपल्या भागात डबा पहिल्यांदा आला तो घासलेटाचा. तो रिकामा झाला की त्याला दांडा ठोकून विहिरीचा पोहरा व्हायचा, आडवा कापून भाकरीचा डबा, उघडून सरळ केला की न्हाणीचं दार. पिवळा डालडाचा डबा तुळशीसाठी राखीव. नागपूरच्या 'नोगा'चा संत्र्याच्या रसाचा डबा आमच्याकडे शिवणाच्या बटणांना होता. ही सवय चांगलीच होती, तिला नावं ठेवायला मी बसले नाही. पण त्यातली एक सवय आता सोडायला हवी. तेलाचा वापरलेला डबा धुऊन पुन्हा खाण्याचं तेल विकायला भरणं कायद्याने बंद आहे. अन्नसुरक्षेचे नियम सांगतात की खाद्यतेलासाठी टिनाचा डबा एकदाच वापरायचा. कारण साधं आहे. आतला लेप घासला जातो, कोपऱ्यात जुनं तेल खवट होऊन राहतं आणि मधल्या काळात त्या डब्यात काय ठेवलं होतं हे कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून रिकामा डबा विकताना त्याच्या एका बाजूला खिळा ठोकून भोक पाडा. एवढं केलं की तो पुन्हा तेलाकडे जाणार नाही, भट्टीकडेच जाईल. लोखंडाच्या भट्टीला भोकाचं काही वाटत नाही. भोक पडलं की डब्याचा भाव उतरेल, कारण अख्खा डबा डबा म्हणून घेणारे जास्त देतात. ते जास्तीचे पैसे कशाचे आहेत, याचा विचार करा आणि सोडून द्या.

तिसरा, कोल्ड्रिंकचा डबा. मला विचाराल तर स्वयंपाकघरात येणाऱ्या वस्तूंत इतकी कारागिरी दुसऱ्या कशात नाही, आणि तोच आपण सगळ्यात आधी फेकतो. तो रिकामा हातात घ्या. वजन सुमारे १३ ग्रॅम. भिंतीची जाडी साधारण एका केसाएवढी. भरलेला असतो तेव्हा आतल्या वायूच्या दाबाने तो टणक होतो. रिकामा झाला की दोन बोटांनी दबतो. बूड आत वळवलेलं असतं ते शोभेला नाही. सपाट असतं तर दाबाने बाहेर फुगलं असतं आणि डबा उभा राहिला नसता. धरणाची भिंत पाण्याच्या बाजूला वाकवतात, तसाच हा प्रकार. आतून पातळ लाखेसारखा थर असतो, नाहीतर आंबट पेय धातूला खाईल आणि धातू पेयाची चव खाईल. अंग आणि बूड एकाच तुकड्याचं असतं. पत्र्याची चकती कापून तिची वाटी करतात आणि ती वाटी एकामागून एक अरुंद होत जाणाऱ्या कड्यांतून रेटतात. वाटी लांबत जाते, भिंत पातळ होत जाते, सांधा कुठेच नाही. महाराष्ट्रात तळोज्याला आणि छत्रपती संभाजीनगरला असे डबे तयार होतात.

वरचं झाकण मात्र वेगळ्या मिश्रणाचं असतं. त्यात मॅग्नेशियम जास्त, कारण ओढ सोसायची आणि नेमक्या रेषेवर फाटायचंही. झाकण जाड असतं, म्हणून महाग पडतं. यावर कारखानदारांनी काय करावं? डब्याची मान आवळली. गेल्या पन्नास वर्षांत झाकणाचा घेर थोडा थोडा करून कमी होत आला आहे. डब्याच्या वरच्या टोकाला जो निमुळता खांदा दिसतो, तो सौंदर्यासाठी नाही, काही मिलिमीटर धातू वाचवण्यासाठी आहे. एका डब्यात ती बचत दिसत नाही. अब्जावधी डब्यांत दिसते.

त्या झाकणावरच्या कडीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९५९ साली अमेरिकेत अर्मल फ्रेझ नावाचा माणूस सहलीला गेला आणि डबे उघडायचं हत्यार घरी विसरला. त्याने मोटारीच्या बंपरवर डबा उघडला असं सांगतात, आणि घरी येऊन ओढली की उघडेल अशी कडी शोधली. १९६३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. सगळीकडे वाहवा झाली. पण ती कडी तुटून हातात यायची, लोक ती तिथेच टाकायचे. समुद्रकाठी माणसांचे पाय कापले, गुरांच्या पोटात गेली, डब्यात टाकून पिणाऱ्यांच्या घशातही गेली. बारा वर्षं हा गोंधळ चालला. १९७५ च्या सुमारास डॅनियल कडझिक याने दाबली तरी डब्यालाच लटकून राहणारी कडी काढली आणि कचऱ्याचा तो एक प्रकारच जगातून गेला. लोकांना शहाणपण शिकवावं लागलं नाही. म्हणून माझी विनंती, ती कडी हलवून हलवून तोडू नका. पोरांना तो खेळ फार आवडतो. इतकासा सुटा तुकडा भट्टीपर्यंत कधीच पोचत नाही, डब्याला लागलेला असला तरच पोचतो.

आता पुन्हा माझ्या पोत्याकडे. सगळं एकत्र दिलं यात बिघडलं कुठे? शेवटी सगळं वितळणारच ना?

वितळतं, पण एकसारखं नाही. कुकर, गंज, खिडकीची पट्टी, गाडीच्या इंजिनाचं झाकण, कोल्ड्रिंकचा डबा हे सगळं ॲल्युमिनियम असलं तरी प्रत्येकात दुसरे धातू वेगवेगळ्या प्रमाणात कालवलेले असतात. पट्टीत सिलिकॉन आणि मॅग्नेशियम थोडं, इंजिनाच्या ओतकामात सिलिकॉन भरपूर, डब्यात मँगनीज. सगळं एका कढईत गेलं तर निघणारा धातू पुन्हा डबा किंवा पट्टी होण्याच्या लायकीचा राहत नाही. त्याचं ओतकामच होतं. आणि सगळ्यात वाईट पाहुणा म्हणजे लोखंड. एक स्क्रू, एक बोल्ट वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये विरघळला की तो काढायचा सोयीचा उपाय भट्टीवाल्याजवळ नाही. धातू ठिसूळ होतो. दुधात मीठ पडल्यासारखं आहे. म्हणून कुकर मोडीत देताना मूठ काढा, तिचे बोल्ट काढा, रबर काढा, शिट्टी काढा. खिडकीच्या पट्टीचे स्क्रू काढा, जाळीचं रबर ओढून काढा. पेचकस घेऊन दहा मिनिटांचं काम. साफ मालाला भाव वेगळा मिळतो, हे मी या वर्षी स्वतः करून पाहिलं.

मोठ्या कारखान्यात हे काम यंत्र करतं, आणि त्यातलं एक यंत्र जादूसारखं आहे. कचऱ्याच्या पट्ट्यावरून आधी मोठं लोहचुंबक फिरतं आणि लोखंड, टीन उचलून घेतं. ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही. मग पट्ट्याच्या टोकाला चुंबकांचा रूळ अतिशय वेगाने फिरवतात. चुंबक फिरतं राहिलं की ॲल्युमिनियममध्ये क्षणापुरती वीज भोवऱ्यासारखी फिरते, तिचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि ते उलट ढकलतं. डबे पट्ट्यावरून टुणकन उडून पुढच्या खोक्यात पडतात, प्लास्टिक आणि कागद जागीच खाली गळतात. त्यानंतर डब्यांचे तुकडे करून गरम हवेत रंग आणि लाख जाळतात, मग वितळवतात. पातळ पत्रा उघड्यावर तापवला तर वितळण्याऐवजी जळून राख होतो, म्हणून ही काळजी. आपल्याकडे अमरावती-अकोल्यात घरोघरी कोणी असं यंत्र लावणार नाही. आपल्याला यंत्राचा पहिला अर्धा भाग पुरतो, साधं लोहचुंबक. चिकटलं तर लोखंड किंवा टीन, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम, नाहीतर स्टीलचा एखादा प्रकार, आणि स्टील हाताला जड लागतं, त्यावरून कळतं.

जे ॲल्युमिनियम दिसतं पण उपयोगाचं नाही, त्याचंही सांगते. चिप्सचं चंदेरी पाकीट चुरगाळा. मूठ सोडली की ते उघडतं. ते प्लास्टिक आहे, वर धातूची वाफ बसवलेली. पोळ्या गुंडाळायचा कागद चुरगाळला की चुरगाळलेलाच राहतो. तो खरा. पण त्याचा एकेक तुकडा देऊ नका. तेलकट असेल तर रद्दीने पुसा आणि रोज त्याच गोळ्याभोवती गुंडाळत जा. गोळा मोसंबीएवढा झाला की द्या. सुटा तुकडा भट्टीत जळून जातो, गोळा वितळतो. गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू ॲल्युमिनियमची असली तरी पुढे प्लास्टिक चिकटलेलं असतं, ते कबाडी घेत नाही, त्याच्याशी वाद घालू नका.

आता जरा दमाने वाचा, कारण इथे भावाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

कपाशीवर, तुरीवर मारतो त्या विषाला आपण औषध म्हणतो. घोळ तिथूनच सुरू होतो. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, शेकड्याने दवाखान्यात पडली. ते फवारताना झालं. पण त्याच विषाच्या बाटल्या आणि डबे वावरातून घरी येतात, आणि चांगला धातूचा डबा टाकवत नाही म्हणून त्यात मीठ, रॉकेल, बियाणं, कधी पिण्याचं पाणीही ठेवलं जातं. धुतला म्हणून तो निर्मळ होत नाही. नियम असा आहे की कीटकनाशकाचा रिकामा डबा किंवा बाटली पुन्हा कोणाला वापरता येणार नाही अशी मोडायची आणि वस्तीपासून, पाण्यापासून दूर पुरायची. फवारणीचं मिश्रण करतानाच ती तीनदा विसळा आणि विसळलेलं पाणी पंपातच टाका, ओढ्यात नाही. मग भोकं पाडा. ती घरातल्या मोडीत घालू नका. कबाड्याच्या अंगणात त्याची लेकरं खेळतात, डबा त्यांच्या हातात जातो. दुकानदार रिकाम्या बाटल्या परत घेत असेल तर त्याला द्या, घेत नसेल तर घ्यायला सांगा. गावातल्या दहा जणांनी मिळून विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

झुरळं-डास मारायच्या आणि अंगाला मारायच्या फवाऱ्याच्या डब्यांतही धोका आहे, पण तिथे उलट वागायचं. रिकामा वाटला तरी आत वायू असतो. भोक पाडू नका, होळीत टाकू नका, चेंगरू नका. फुटतो तेव्हा बॉम्बसारखाच फुटतो. तो वेगळा ठेवा आणि देताना तोंडाने सांगा, "भाऊ, हा फवाऱ्याचा आहे." २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरातला घातक असे तीन कचरे वेगळे सांगितले होते. हा तिसऱ्यातला.

भांडी विकत घेतानाही एक गोष्ट पाहा. मोडीतलं सगळं एकत्र वितळवून ओतलेली जाड, खडबडीत, बिनछापाची भांडी बाजारात स्वस्त मिळतात. त्या वितळण्यात कोणत्या गाडीचं ओतकाम, कोणता डाग लावलेला डबा गेला, हे कोण सांगणार? अमेरिकेत सिॲटलच्या किंग परगण्यात अफगाणिस्तानातून आलेल्या लेकरांच्या रक्तात शिसं जास्त सापडलं, तेव्हा आरोग्य खात्याने घराघरातली भांडी तपासली आणि ओतीव ॲल्युमिनियमच्या भांड्यांतून शिसं सुटतं असं निघालं. जर्मनच वाईट असा याचा अर्थ होत नाही. कोणतं जर्मन, हे पाहायला हवं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं करायचा आदेश काढला आहे. भांडं उलटं करून चिन्ह शोधा. आणि जर्मनच्या गंजात कढी, चिंचेचं सार, आंबट वरण रात्रभर ठेवू नका. आंबटाने धातूवरचा संरक्षक थर जातो.

आता कबाड्याविषयी, कारण एवढी सगळी साखळी त्याच्या हातगाडीवरून जाते. तळोज्याचा कारखाना, अमेरिकेतली पेटंटं, चुंबकांचा रूळ, सगळं त्याच्याशिवाय लंगडं आहे. अमेरिकेत १९५९ मध्ये एका बिअरच्या कंपनीने पहिला पूर्ण ॲल्युमिनियमचा डबा काढला, तेव्हा रिकामा डबा परत आणून देणाऱ्याला एक सेंट द्यायची सोय तिला मुद्दाम करावी लागली. आपल्याकडे ती सोय कोणी न करता दारात येते, हाक मारते आणि रोख पैसे देते. त्याला 'ए' म्हणून बोलवू नका. पुण्यात कचरावेचक बायांनी १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेला महापालिकेने घरोघरचा कचरा गोळा करायचं काम दिलं. त्या बाया आज ओळखपत्र घेऊन सोसायटीच्या जिन्याने वर जातात. आपल्याकडे अमरावतीचा सुकळीचा कंपोस्ट डेपो, अकोल्याचं नायगाव, इथे कचऱ्याच्या ढिगावर हाताने पत्रा वेचणारी माणसं अजून आहेत. तुम्ही भाजीच्या देठांत कोल्ड्रिंकचा डबा टाकून घंटागाडीत दिलात, तर तो त्यांनी वेचायचा. काच लागली तर बोट त्यांचं.

काट्याचं बोलायचं तर संकोच करू नका. घरी पाच किलोचं वजन किंवा पाच किलो साखरेचं न फोडलेलं पाकीट असेल तर आधी ते काट्यावर टाकून पाहा. प्रामाणिक माणूस रागावत नाही. आणि आपणही डब्यात दगड, ओलं कापड, माती भरून वजन वाढवायचं नाही. हे सांगायला नको होतं, पण मी पाहिलं आहे, आणि करणारा पोतं भरून पगार आणणारा होता. केबल जाळून आतली तार काढायचाही उद्योग करू नका. त्या धुराने पोराबाळांच्या छातीचं नुकसान होतं. तार तशीच द्या, थोडा भाव कमी येईल.

या ठिकाणी गाडगेबाबांच्या नावाने दोन वाक्यं बोलायची वऱ्हाडात पद्धत आहे. मी बोलत नाही. ते बोलण्यापेक्षा झाडू हातात घेत होते.

मी घरात काय केलं, तेवढं सांगते. स्वयंपाकघराच्या दारामागे दोन खिळे ठोकले आणि दोन जुन्या कापडी पिशव्या लटकवल्या. एकीत जर्मन, दुसरीत लोखंड-टीन. कोल्ड्रिंकचा डबा एकदा पाण्याने खळबळून, उपडा सुकवून पायाने चेपायचा आणि टाकायचा. न धुतला तर आठ दिवसांत मुंग्यांची रांग लागते, आणि मग घरातलेच म्हणतात की हे फॅड बंद करा. ऐंशीच्या आत-बाहेर डबे झाले की किलो भरतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा पिशवी भरते. तेव्हाच कबाड्याला हाक मारते आणि पिशव्या वेगवेगळ्या काट्यावर ठेवते. परवा त्याने कुकर उलटापालटा करून पाहिला. "काकू, बोल्ट कोणी काढले?"

"मीच. काहून?"

"मले घरी जाऊन हेच करा लागते," तो म्हणाला आणि काटा माझ्याकडे वळवून दाखवला.

लोहचुंबक कुठून आणायचं, असं शेजारच्या दोघींनी विचारलं. विकत आणू नका. घरात बंद पडलेला रेडिओ किंवा टीव्ही असेल, त्याच्या स्पीकरच्या पाठीमागे जाड गोल चकती असते, तेच लोहचुंबक. पेचकसाने उचकटून काढा, भोकातून सुतळी ओवा आणि पिशव्यांच्या खिळ्यालाच अडकवा. स्पीकरमधली बारीक तार तांब्याची असते. ती पिशवीत टाकू नका, वेगळ्या डबीत ठेवा.